आकडा कुठे थांबतो

डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मीटरकाकांनी तिच्याकडे लगेच पाहिलंच नाही. आधी हात पुसले, मग चष्मा पुसला, आणि पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा कुठे मान वर केली.

डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर. दिवसभर या गोठ्यातून त्या गोठ्यात, त्यामुळे गाडीला कायम औषधाचा आणि ओल्या गवताचा वास. एरवी बोलायला एकदम मोकळ्या, पण आज दार उघडून उतरल्या त्या जरा अवघडूनच.

“इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा लागला, काका,” त्या म्हणाल्या. “आणि पेट्रोल अशी पितेय की टाकीला भोक पडलंय की काय म्हणून मी दोनदा वाकून बघितलं.”

“थंड असताना लागतो?”

“छे. सकाळी निघताना अगदी शहाण्यासारखी असते. गरम झाली की अंगात येतं तिच्या.”

काकांनी गळ्यातला मीटर उगाच चाचपला. व्होल्ट मोजायचा तो पिवळा डबा त्यांच्या गळ्यात दोरीने लटकलेला असे, म्हणून सगळी गल्ली त्यांना मीटरकाका म्हणायची. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

गाडीचा रोग काय ते त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून बरा होत नव्हता, हेच तर दुखणं होतं. सायलेन्सरच्या नळीत तोंड खुपसून बसलेला एक अंगठ्याएवढा सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला याची चहाडी तो गाडीच्या कॉम्प्युटरला करत राहतो, आणि त्या चहाडीवरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. चहाडी पोहोचली नाही की कॉम्प्युटर बिचारा अंदाजाने ओतत सुटतो. डॉक्टरीणबाईंच्या गाडीत ती पोहोचत नव्हती. काकांनी सेन्सर बदलला. दिवा आठवडाभर गप्प बसला आणि पुन्हा लागला. काकांनी तो नवा सेन्सरही बदलला. आता हे तिसरं दर्शन.

उभ्या आयुष्यात काकांनी ज्यांची टर उडवली ते हेच लोक. दिवा लागला की सेन्सर बदल, आवाज आला की बेअरिंग बदल, काहीच कळलं नाही तर गिऱ्हाईक बदल. अशांना ते ‘बदलोबा’ म्हणायचे. आणि आता त्यांच्याच कपाटात दोन चांगले, निरपराध सेन्सर पडून होते.

“राग मानू नका, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण सोमवारी मला लांब जायचंय. तोवर जमलं नाही तर सरळ सांगा, मी मोठ्या वर्कशॉपमध्ये नेते. तुम्ही तरी एकट्याने किती करणार?”

बाई प्रेमाने बोलल्या होत्या. किल्ली टेबलावर ठेवून त्या चालत निघून गेल्या, आणि तो ‘एकट्याने’ तेवढा मागे गॅरेजात राहिला.

कारण खरी गोम तिथेच होती. तार तुटते ती नेहमी दिसेल अशी तुटत नाही. वरचं प्लॅस्टिक धडधाकट असतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. थंड असताना दोन टोकं एकमेकांना चिकटून बसतात, इंजिन तापून थरथरायला लागलं की अलग होतात. असला बिघाड पकडायचा एकच रस्ता. इंजिन चालू ठेवून एकाने गाडीखाली शिरायचं आणि तार बोटाबोटाने हलवत जायचं. दुसऱ्याने आत बसून, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर सेन्सरचा आकडा बघायचा. सेन्सर ठीक असला की आकडा एका जागी राहत नाही, दहाच्या आसपास जातो, उडी मारून नव्वदकडे येतो, पुन्हा खाली. तार सुटली की मधोमध पंचेचाळीसवर येऊन गपकन थांबतो. ज्या क्षणी तो थांबला त्या क्षणी खालच्याचा हात जिथे असेल, तिथे तार तुटलेली. चार हात आणि चार डोळे लागतात या कामाला. खालून वरचा आकडा दिसत नाही आणि वरून खालची तार हलत नाही.

ते दुसरे दोन डोळे काकूंचे होते.

काकूंना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण वरच्या घरातून हाक मारली की त्या गॅस बारीक करून खाली यायच्या, सीटवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर बसायच्या आणि स्कॅनर मांडीवर घ्यायच्या. “पळतोय,” त्या म्हणायच्या. “पळतोय. पळतोय. अहो, मला भाजी बघायचीय. पळतोय. थांबला!” आवाज असा खणखणीत की समोरचा टायरवालाही हातातलं काम सोडून म्हणायचा, सापडलं वाटतं. आकडा बघता बघता काकू खाली पडलेल्या नवऱ्याला घरचं सगळं सांगून टाकायच्या. नळ गळतो, पोरीला ताप आहे, भावजयीने फोनवर काय टोमणा मारला. त्या दोघांचं जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं असं गाडीच्या पत्र्याच्या आरपार झालं. समोरासमोर बसले की दोघांनाही फारसं सुचायचं नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून काकांनी असली कामं हळूच टाळायला सुरुवात केली. बॅटरी, दिवे, हॉर्न, एका माणसाचं जे काम ते घ्यायचं. बाकीच्याला सांगायचं, वेळ नाही. वेळेची तर इतकी चंगळ होती की दुपारी स्क्रू मापाप्रमाणे लावून झाल्यावर ते पुन्हा एकत्र करून पुन्हा लावायचे. डॉक्टरीणबाईंना मात्र नाही म्हणता आलं नाही, आणि दोघांचं काम एकट्याने होत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून काका बदलोबा झाले. खरं सांगायचं तर एवढंच.

कुणाला तरी बोलवायचं, असं कुणीही म्हणेल. टायरवाल्याला त्यांनी एकदा बसवलंही होतं. तो आकडा बघता बघता मोबाईल बघायला लागला. शिवाय त्या सीटवर टायरवाला बसलेला काकांना बघवेना, काम अर्धवट टाकून ते चहा प्यायला निघून गेले.

त्या दिवशी किल्ली हातात घेऊन त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हा बिघाड सापडला नाही तर शटर कायमचं खाली ओढायचं. एकदा कामातला माणूस बदलोबा झाला की त्याने लोकांच्या गाड्यांना हात लावू नये. शटर ओढल्यावर काय, हा विचार त्यांनी केला आणि लगेच सोडून दिला. वर दोन खोल्या होत्या. त्यांत दिवसभर काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. लेक दुसऱ्या गावी, नवरा, नोकरी, दोन लहान मुलं. तिचा दर रविवारी फोन यायचा. जेवलात का? जेवलो. तब्येत? बरी. गोळ्या घेता ना? घेतो. मग पलीकडे एखादं पोर रडायचं आणि ती म्हणायची, ठेवते हं बाबा. ते म्हणायचे, ठेव ठेव. फोन ठेवल्यावर काकांना सांगायच्या गोष्टी एकेक करून आठवायच्या.

शनिवारी दुपारनंतर गल्ली बंद असते. काकांनी शटर पूर्ण वर केलं, गाडी रॅम्पवर चढवली, सायलेन्सरला लांब पाइप जोडून धूर बाहेर काढला आणि इंजिन तापू दिलं. एकट्याने करायच्या सगळ्या युक्त्या आधीच हरल्या होत्या. तारेच्या दोन टोकांना मीटर लावून बझर वाजवून पाहिला, तर इंजिन बंद असताना तार इमानदारीत वाजत राहिली. फ्यूज ठीक, सेन्सरचा हीटर ठीक, तार सेन्सरला जोडणारा कपलर लख्ख. आता एकच कल्पना उरली होती, आणि तिच्यावर काका सकाळपासून स्वतःवरच खूश होते. मोबाईल स्कॅनरसमोर बांधून व्हिडिओ चालू करायचा. आपण खाली जायचं, तार हलवायची आणि हात कुठे आहे ते ओरडून सांगत राहायचं. मग वर येऊन बघायचं, आकडा कधी थांबला, आणि ऐकायचं, त्या वेळी आपण कुठे होतो.

त्यांनी दारं उघडी ठेवली, स्कॅनर काचेखाली टेकवला, मोबाईल त्याच्यासमोर स्टिअरिंगला चिकटपट्टीने बांधला आणि चाकांच्या फळीवर पाठ टाकून खाली सरकले. 

“कपलरपाशी!” ते ओरडले. “कपलरच्या वर! पहिल्या क्लिपपाशी!”

तारेची जुडी बोटांना गरम लागत होती. एक वीत पुढे, थोडं वाकव, थोडं दाब, सोड. वर इंजिन एकसुरी घरघरत होतं. काका एकेक जागा हाकारत गेले, आणि काम नीट चाललं आहे असं त्यांना वाटलं. खूप दिवसांनी बरंही वाटलं. सगळी तार होईपर्यंत अंग घामाने भिजलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी व्हिडिओ लावला. आवाज बंद केला, कारण इंजिनाची घरघर फोनमधून कानाला लागत होती, आणि आधी आकडा थांबतो ती जागा शोधू, मग तेवढाच तुकडा ऐकू, असा हिशेबी विचार केला. पण पडद्यावर उजेडाची तिरीप पडलेली, आकडे मुंगीएवढे, आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा राहिलेला. आकडे पळत होते. थांबत असतील तर काकांच्या नजरेआड थांबत होते. त्यांनी तीन वेळा पाहिला आणि डोळ्यांना पाणी आलं, हात टेकले.

मग त्यांनी जे केलं ते दुसरा कुणी करणार नाही. त्यांनी तो व्हिडिओ लेकीला पाठवून दिला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने हजारदा आकडा बघितला होता, आणि नजर आईचीच घेतली होती. खाली लिहिलं, ‘आकडा कुठे थांबतो ते सांग. सवडीने. घाई नाही.’ स्वतःच्या कल्पकतेवर खूश होऊन ते हात धुवायला गेले.

हात धुऊन परत आल्यावर, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी आवाज चालू राहिला.

“कपलरपाशी!” आपलाच आवाज, जरा घोगरा. “पहिल्या क्लिपपाशी! आता आडव्या पट्टीपाशी आलोय. बघतेस ना ग?”

काका खुर्चीत ताठ झाले.

“पट्टीच्या वर. वरचा नळ पुन्हा गळतोय. वायसर आणायचा राहिला. तू म्हणशील, लोकांच्या गाड्या दुरुस्त होतात, घरचा नळ होत नाही. आता डावीकडे सरकतोय. तुझं वर्तमानपत्र अजून आहे बघ सीटखाली, नाही टाकलं.”

हे सगळं ओरडून. घरातलं बोलणं माणूस कधी इतक्या मोठ्याने बोलत नाही, पण वर इंजिन चालू होतं आणि तिला ऐकू जायला हवं होतं. जागा सांगायच्या थांबल्या होत्या. फक्त बोलणं चाललं होतं, मध्ये मध्ये थांबून, जणू पलीकडून उत्तर येत होतं. काकांनी घाईने फोन बंद केला. कान तापले. आपण हे बोललो, याची त्यांना खरोखर कल्पना नव्हती.

मग लेकीची आठवण झाली. पाठवलेलं पुसता येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. ते अंगठ्याने कुठे कुठे दाबत राहिले. पण खाली दोन निळ्या खुणा आल्या होत्या. तिने पाहिलं होतं.

गाडीजवळच्या स्टुलावर ते बसून राहिले. आता ती घाबरून जावयाला सांगेल. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणेल. रविवारच्या प्रश्नांत आणखी एका गोळीची भर पडेल. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली भीती होती. आहे तो फोनही ती आता भीत भीत करेल, सांभाळून बोलेल, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं.

फोन वाजला. काकांनी तो वाजू दिला, आणि बंद व्हायच्या बेतात उचलला.

“बाबा.” लेकीचा आवाज अगदी जवळून येत होता, मागे पोरांचा गोंधळ नव्हता. “मी खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलेय. वर काही ऐकू येत नाही. आकडा एकाच ठिकाणी थांबतो.”

“थांबतो ना?” काका म्हणाले. “कुठे?”

“तेव्हा तुम्ही जागा सांगत नव्हतात.”

“मग काय सांगत होतो?”

लेकीने गाडीची काच वर केल्याचा आवाज आला.

“सांग की,” ते म्हणाले. “त्यावरून आठवेल मला, हात कुठे होता ते.”

“तुम्ही म्हणत होतात,” लेक हळू, एकेक शब्द जपून बोलू लागली, “‘पोरगी रविवारी फोन करते. जेवलो म्हणून सांगतो. ती विचारते तेवढ्यालाच उत्तर देतो. उगाच लांबण लावली तर तिला वाटायचं, बाप चिकटतोय.’” तिने श्वास घेतला. “‘चिकटतोय’ला आकडा थांबला. मग तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नाहीत, तोवर थांबलेलाच होता. मग म्हणालात, ‘असू दे,’ आणि पळायला लागला.”

काका हे थट्टेवारी न्यायला निघाले होते. पण हाताला आठवलं. ते बोलताना हात पुढे सरकलाच नव्हता. गिअरबॉक्सच्या वर, पत्र्यामागे जिथे जुडी वळते, तिथे त्यांनी तार मुठीत आवळून धरली होती.

“पत्र्यामागे,” ते म्हणाले. “वळणावर. गिअरबॉक्सच्या वर.”

“हं.”

“बरं झालं सांगितलंस. उद्या बघतो आता. तू जा वर, पोरं वाट बघत असतील.”

“बाबा, आज जेवलात का?”

“जेव...” काकांनी सुरुवात केली, आणि थांबले. “नाही. नाही जेवलो.”

“मला वाटलंच.” ती रडत होती की काय, ते त्यांना कळेना. नाक ओढल्याचा आवाज आला. “फोन स्कॅनरसमोर लावा. व्हिडिओ कॉल करते. इंजिन चालू करा.”

“अगं, उद्या...”

“आत्ता. मी बघते आकडा.”

काकांनी मुकाट्याने ऐकलं. त्यांनी फोन पुन्हा स्टिअरिंगला बांधला, इंजिन चालू केलं, तापायची वाट पाहिली. मोबाईलच्या पडद्यावर लेकीचा चेहरा होता, डोळे लाल, केस विस्कटलेले. तिने डोळे बारीक करून आकड्यावर रोखले. काका फळीवर आडवे झाले आणि खाली सरकले.

“पळतोय,” वरून आवाज आला. लेकीचा आवाज आईइतका खणखणीत नव्हता, पण ती जीव तोडून ओरडत होती. “पळतोय. दहा. नव्वद. पळतोय.”

काकांनी पत्र्यामागे हात घातला. तिथे पत्र्याची कड जुडीला घासत होती. बोटाला आधी काही लागलं नाही, मग एका तारेवर एक मऊ, पोकळ जागा लागली, आत काहीच नसल्यासारखी. त्यांनी ती वाकवली.

“थांबला!” लेक ओरडली. “पंचेचाळीस. थांबला, बाबा!”

त्यांनी सोडली.

“पळतोय.”

पुन्हा वाकवली.

“थांबला.”

झालं होतं. एवढीशी तार कापून जोडायची, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवायची आणि पत्र्याची कड वाकवून द्यायची. डॉक्टरीणबाईंना सोमवारी गाडी मिळणार होती आणि शटर सोमवारी वर जाणार होतं. काकांनी बाहेर येऊन इंजिन बंद करायला हवं होतं. पण इंजिन बंद केलं की काम संपलं, आणि काम संपलं की ती म्हणणार, ठेवते हं बाबा.

त्यांनी तार सोडली.

“पळतोय,” लेक म्हणाली. “बाबा, धाकट्याचा पुढचा दात पडला काल. पळतोय. उशीखाली घेऊन झोपला, काही केल्या देईना.”

“कुणावर गेलाय?” काका खालून ओरडले, आणि तार वाकवली.

“थांबला. तुमच्यावर. सामान टाकू देत नाही कुठलं. आई म्हणायची तसं.”

सोडली.

“पळतोय. नोकरीत मला कंटाळा आलाय, बाबा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

काका पाठीवर पडून होते. तेलाचा एक थेंब चष्म्याच्या काचेवर पडला, तो त्यांनी पुसला नाही. ते विचारत राहिले, कसला कंटाळा, साहेब कसा आहे, आणि ती सांगत राहिली, आणि त्यांची बोटं त्याच एका जागेवर तार वाकवत आणि सोडत राहिली. मग त्यांना अपराधी वाटलं. पोरीला आपण असं फसवून अडकवून ठेवावं, हे बरं नव्हे.

“ऐकलंस का,” ते ओरडले. “सापडलं ग.”

“मघाशीच कळलं मला,” लेक म्हणाली. “तुम्ही हलवत राहा.”